पुठ्ठ्याचा चौथा मजला

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची एक जुनी इमारत आहे. आज मला पाहिलेत तर तुम्ही मला इमारत म्हणणार नाही, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. माझ्या अंगावर सुतळी आहे, काड्यापेटीतल्या काड्या आहेत, शर्टाचे एक बटण आहे. बोटे फिरून फिरून माझ्या भिंतींच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. हे सारे कसे झाले, ते सांगते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरचे दिवस आले होते. शहराबाहेर काचेची ऑफिसे उठत होती आणि मुलांना तसलीच इमारत घरी हवी होती. माझ्या खोक्यावरचे चित्र पाहत राहावे असे होते. निळ्या काचा, काचांत ढग, खाली कारंजे! आत मात्र पातळ पुठ्ठ्याचे ताव निघायचे. रंग रेषेबाहेर सांडलेला, चिकटवायच्या पट्ट्या आखूड. दरवाजाचा ताव तर घालायचाच राहिला होता आणि त्याच्या जागी गच्चीचा ताव दोनदा आला होता.

हेमाताईंनी मला बुधवार पेठेतून आणले. त्या एका सॉफ्टवेअर कंपनीत हिशेबाचे काम करत आणि लेकीबरोबर वाघोलीला राहत. लेक कादंबरी सहावीची परीक्षा देऊन सुट्टीत घरी होती. मायलेकींनी मैद्याची खळ शिजवली, वर्तमानपत्र अंथरले आणि कात्री घेऊन बसल्या. पहिले काही मजले बरे गेले. मग एक भिंत दुसरीला भेटेना. ओढून भेटवली तर तिसरीने दगा दिला. संध्याकाळी मी उभी राहिले ती पंगतीत जेवून सुस्तावलेल्या माणसासारखी, एका अंगावर कलून.

दुसऱ्या दिवशी हेमाताई मला घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिले.

"उघडलेलं खोकं परत घेत नाही."

"अहो, पण याला दरवाजाच नाहीये."

"मग खिडकीतून जा," असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी आल्यावर कादंबरीने मला कपाटावर ढकलले. "नुसतं चित्र चांगलं होतं," ती म्हणाली. मला ते लागले, पण खोटे नव्हते.

त्याच सुमारास वरच्या खोलीत आनंद राहायला आला. तो भंडाऱ्याकडचा. लहानपणी तापात त्याची दृष्टी गेली होती. टेलिफोन ऑपरेटरचे शिक्षण त्याने मन लावून घेतले होते आणि हेमाताईंच्या कंपनीत त्याची निवडही झाली होती. आवाज स्वच्छ, स्मरण दांडगे. पण पहिल्याच दिवशी मॅनेजरांनी त्याला स्पष्ट सांगितले, "तुमचं काम चोख आहे. पण रोज हाताला धरून तुम्हाला जागेवर कोण आणणार? जेवायला कोण नेणार? महिनाभर बघू, मग ठरवू."

त्या संध्याकाळी आनंद खाली आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"ताई, तिथं सगळी काचच काच आहे जी. काठी कुठंही टेकवा, एकच आवाज. गावात मला भिंत समजते, झाड समजते. इथं काहीच समजत नाही."

"मी सोडत जाईन की रे रोज," हेमाताई म्हणाल्या.

"आणि तुम्ही रजेवर गेल्या म्हणजे? मला नोकरी पाहिजे ताई. सांभाळणारं माणूस नको."

त्याचे मन रमावे म्हणून कादंबरीने मला कपाटावरून काढले. "दादा, ही बघ..." आणि तिने जीभ चावली.

"बघतो ना. आण इकडे," आनंद म्हणाला. त्याने मला मांडीवर घेतले आणि चारी अंगांनी बोटे फिरवली. "हे काय होय?"

"बारा मजली इमारत. काचेची."

"खिडक्या कुठं आहेत?"

"छापल्यात."

"मग त्या तुमच्यासाठी. माझ्यासाठी हे नुसतं खोकं." आणि तो मनापासून हसला.

मित्रांनो, ज्या छपाईच्या जिवावर मी मिरवत होते, ती त्या बोटांखाली नाहीशी झाली. कादंबरी मात्र हसली नाही. डोळे मिटून तिने माझ्या छापील खिडक्यांवरून आपले बोट फिरवले.

सकाळी तिने ब्लेड आणले. मी घाबरले, खोटे कशाला बोलू! तिने माझे मजले एकेक करून उतरवले, भिंती सोडवल्या आणि जास्तीची गच्ची जमिनीवर आडवी टाकली. "आई, तुमचा चौथा मजला कसा आहे, ते सांग. मी दादाला त्याचं ऑफिस करून देते."

बारा मजल्यांची मी एका मजल्याची झाले. माझ्या भिंती बोटभर उंचीच्या राहिल्या, कारण आनंदने बजावले होते, "उंच करू नको, बोट आत गेलं पाहिजे." जिन्याला काड्यापेटीतल्या काड्या लागल्या. लिफ्टच्या दाराला पॉलिश कागदाचा खरखरीत तुकडा. लिफ्टपासून आनंदच्या टेबलापर्यंत सुतळी, आणि जिथे टेबल, तिथे बटण. आनंद ती सुतळी रोज चाचपून पाठ करू लागला.

आणि मी त्याला तोंडघशी पाडले!

हेमाताई ऑफिसात नेहमी मागच्या जिन्याने जात. त्यांच्या डोळ्यांसमोर मजला तिकडूनच उभा राहायचा, त्यामुळे डावे-उजवे सांगताना गफलत झाली. आनंद लिफ्टमधून ऐटीत उतरला, सुतळीप्रमाणे वळला, दार ढकलले, आणि आतून किंकाळी आली. ते बायकांचे स्वच्छतागृह होते. मजलाभर हसे झाले. मॅनेजर हसले नाहीत, ते त्याहून वाईट. "म्हणूनच म्हणत होतो," एवढेच ते म्हणाले.

"उद्या मी जात नाही, ताई," आनंद घरी येऊन म्हणाला. "माझ्या पायांवरचा माझाच भरवसा उडाला."

"पाय तुझे बरोबर गेले. चूक माझ्या सांगण्यात होती," हेमाताई म्हणाल्या. "आता माझ्या सांगण्यावर नको. रविवारी आपण तिघं जाऊ आणि तूच सांग."

रविवारी ऑफिस रिकामे होते. दारावरच्या पहारेकऱ्याची परवानगी काढून ते मला बगलेत मारून वर घेऊन गेले. आनंद एक हात भिंतीवर आणि एक हात माझ्यावर ठेवून चालू लागला. मध्येच थांबला.

"इथं वरून गार हवा लागते. हे यात का नाही?"

"हवा कशी दाखवायची?" कादंबरीने विचारले.

"कापूस लाव."

तिने कापूस लावला. पाण्याचे मशीन घुमत होते, तिथे वाळूची चिमूट आली. ज्या दारामागे कॉफीचा वास यायचा, तिथे कापडाची चिंधी आली. जे हेमाताईंना इतके दिवस तिथे वावरून जाणवले नव्हते, ते आनंद सांगत गेला आणि कादंबरी चिकटवत गेली. चुकलेली सुतळी उपटून नवी बसवली. त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने बांधून पूर्ण झाले. खोक्यावरच्या चित्रात जे नव्हते, ते आता माझ्यात होते.

सोमवारी कादंबरी माझ्याजवळच बसून होती. फोन वाजला.

"नमस्कार, ऑपरेटर बोलतोय."

"दादा! पोचलास?"

"पोचलो ना. मॅनेजरसाहेब हात पुढं करून माझ्या मागं मागं येत होते. शेवटी मीच म्हटलं, साहेब, डाव्या हाताला पाण्याचं मशीन आहे, जरा जपून."

कादंबरीने रिसीव्हर ठेवला आणि घरभर उड्या मारल्या. महिना संपला तेव्हा आनंदची नोकरी पक्की झाली.

पुढे त्याला मजला असा अंगवळणी पडला की माझी गरज उरली नाही. मी कोपऱ्यात गेले. मग ललिता नावाची एक अंध मुलगी कंपनीत लागली आणि आनंदने माझी धूळ झटकून मला तिच्या हाती दिले. तीही माझ्यावरूनच शिकली. काही वर्षांनी कंपनीने जागाच बदलली. जो मजला मी दाखवत होते, तिथे दुसरेच कुणी आले. आनंदच्या पेटीत मी पडून राहिले. खळीच्या वासाने कसर लागली आणि माझा एक कोपरा खाऊन गेली. कसरीला कुठले माझे मोठेपण!

अलीकडेच अंध मुलांच्या एका शाळेत प्रदर्शन भरले. आनंदने मला पाठवले. तिथे मला पांढऱ्या कापडावर ठेवले आणि एका हौशी कार्यकर्त्याने पुढे सुबक अक्षरांत पाटी लावली, 'हात लावू नये'. आनंद आला आणि सरळ माझ्यावर हात ठेवून मोकळा झाला.

"अहो! पाटी वाचली नाही का?" कार्यकर्ता ओरडला.

"नाही वाचली," आनंद शांतपणे म्हणाला.

कार्यकर्त्याचा चेहरा उतरला. सोबत आलेल्या कादंबरीने (ती आता चांगली मोठी झाली आहे) हसून पाटीतले 'लावू नये' खोडले आणि वर 'लावा' लिहिले. मग मुले आली. किती तरी लहान बोटे माझ्या भिंतींतून धावली. "इथं कापूस आहे!" एक मुलगी ओरडली. "इथं वारा येत असणार!" कुणी सांगितले नव्हते, तरी तिला ते समजले.

मित्रांनो, वस्तू जपा. ओल, कसर, ऊन यांपासून आम्हाला जरूर वाचवा. पण जपणे म्हणजे कुलूप लावून ठेवणे नव्हे. मनासारखी न झालेली एखादी वस्तू तुमच्या घरीही असेल. ती टाकण्याआधी एकदा कुणा दुसऱ्याच्या हातात देऊन पाहा. माझा उरलेला पुठ्ठाही बोटांनी झिजूनच संपावा, एवढीच माझी इच्छा आहे. या, हात लावा.