पडद्यावर चौदा

"दादा, मी चौदाच टाकलं होतं रे. चौदा! अडतीस नाही."

नर्स असलेल्या बहिणीने सकाळपासून हे दहाव्यांदा सांगितलं. मुलांच्या वॉर्डात चौदा किलोच्या एका पोरीला अडतीस किलोच्या मुलाचा डोस गेला होता. पोरगी अजून शुद्धीवर नव्हती. चौकशी समिती चारला बसणार होती, आणि समितीचं आधीच ठरलं होतं: मशीन चुकत नाही, बाईच चुकल्या.

मशीनमधला, वजनावरून औषधाचा डोस काढून देणारा तो प्रोग्रॅम बारा वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, दादानेच लिहिला होता. पुढे कंपनी बंद पडली आणि मूळ लिखाणाची डिस्क या शहाण्याने स्वतःच्या हाताने भंगारात टाकली. उरली ती फक्त मशीनला कळणारी फाइल. बहिणीने तिची कॉपी आणून दिली होती, आणि ती उलटवून माणसाला वाचता येईल असं काही परत मिळवायला तो तीन दिवस खुर्चीला खिळला होता. आकडेमोड शाबूत मिळाली. नावं मात्र सगळी गायब. वजन कुठलं, वय कुठलं, पत्ता नाही. नुसतं व्ही वन, व्ही टू. स्वतःचंच लेकरू, आणि ओळख देईना!

"दोन घास खा तरी."

"थांब गं. हे व्ही सेव्हन म्हणजे वजन... आणि हे..." तो खुर्चीसकट तिच्याकडे वळला. "त्या दिवशी वजन टाकून एंटर दाबलंस?"

"नेहमी दाबते. पण तिला झटके येत होते रे, सरळ डोसचंच बटण दाबलं. पडद्यावर चौदा दिसत होतं ना!"

पडद्यावर दिसत होतं. आत गेलंच नव्हतं. आत आधीच्या मुलाचे अडतीस तसेच बसून होते. एकाच मुलाचं वजन दिवसातून सहा वेळा टाकून हिची बोटं दुखायची, म्हणून त्याने मोठ्या कौतुकाने सोय केली होती: जुनं वजन पुसायचं नाही.

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती. माझी होती."

ती आधी हुंदका देऊन रडली. मग एकदम घाबरली. "दादा, सांगू नकोस हं तू लिहिलंस म्हणून. तुझं नाव कुठे आहे त्यात?"

कुठेच नव्हतं. मूळ लिखाणात ते सगळ्यात वर होतं. मशीनला त्याची गरज नसते, म्हणून ते फाइलमध्ये आलंच नव्हतं. सगळ्यात वरची ओळ रिकामी होती. राहू दे रिकामी, असंही त्याला वाटलं. फार वाटलं.

मग त्याने तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, शाळेच्या वहीवर लिहायचा तसं. प्रिंट काढली. शर्ट चढवून बटणं लावायला घेतली. शेवटचं बटण बहिणीने लावून दिलं.

"चल," तो म्हणाला. "समितीच्या आधी पोरीच्या आईला भेटू."