निदान झाले, बाकी रद्द

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकापुढे बसलेल्या गृहस्थांना सारं इस्पितळ भिंगकाका म्हणायचं, आणि तेही तोंडावर. माणूस तिरसट, पण नजर पक्की. रक्ताच्या थेंबात मलेरियाचा एक जंतू जरी असला तरी काकांच्या हातून सुटायचा नाही. गेली चार वर्षं मात्र त्यांनी एक पालुपद धरलं होतं. "मलेरिया आता पूर्वीसारखा राहिला नाही. चवताळलाय. औषधाला भीक घालत नाही." चहाला कुणीही भेटो, हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

त्या दिवशी सकाळी वॉर्डातून एकाच रोग्याची तिसरी चिठ्ठी आली तेव्हा काकांचं डोकं फिरलं. रोगी वायरमन होता. विजेच्या खांबांखालची झुडपं तोडायच्या कामावर असताना तापाने आडवा झाला होता. भरती झाला त्याच दिवशी काकांनी त्याच्या रक्तात मलेरिया पकडला, औषध सुरू झालं, आणि आज चौथा दिवस उजाडला तरी ताप एकशेचारच्या खाली यायला तयार नव्हता.

चिठ्ठीमागोमाग वॉर्डातली तरुण डॉक्टरीण स्वतःच जिना उतरून आली.

"काका, त्याला आता धाप लागलीय. परत एकदा बघा ना."

"काल दोनदा बघितलं. जंतू साफ गेलेत, औषधालासुद्धा एक उरला नाही. आता काय पदरचे घालू?"

"जंतू गेले, मग ताप कशाचा?"

"ते तुम्ही सांगायचं, डॉक्टर तुम्ही आहात."

ती स्टुलावर बसून सांगू लागली. मोठ्या डॉक्टरांशी सकाळीच तिची जुंपली होती. रोग्याच्या अंगात दुसरंही काही असेल, असं तिने म्हटल्यावर ते हसून म्हणाले होते, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बाई. मलेरिया सापडलाय ना? मग मलेरियाच. अंदाजाने औषधं चढवायची नाहीत. पुरावा आणा, मग बोला."

हे ऐकलं आणि काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठ्या डॉक्टरांवर, वॉर्डावर आणि हिच्यावरही. "म्यानात नसतील राहत, माणसाच्या अंगात खुशाल राहतात! डास चावला म्हणून किडा चावायचा थांबतो का? पण तुम्ही लोकांनी पहिल्याच दिवशी सगळ्या तपासण्या का नाही मागवल्या? झुडपं तोडणारा माणूस! डेंगी बघायचा, झुडपांतल्या किड्याचा स्क्रब टायफस बघायचा. अर्धवट चिठ्ठ्या पाठवायच्या आणि मग आमच्या नावाने बोटं मोडायची!"

डॉक्टरिणीने फाइलीतून पहिल्या दिवशीची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

चिठ्ठीवर तीन खुणा होत्या. मलेरिया, डेंगी, स्क्रब टायफस. आणि त्या तिन्हींवर निळा शिक्का होता: 'निदान झाले, बाकी रद्द.' खाली काकांची सही.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. शिक्का काकांनीच बनवून घेतला होता, चार वर्षांपूर्वी, तापाच्या साथीत तपासणीचं सामान संपलं तेव्हा. एक रोग सापडला की शिक्का मारायचा, उरलेलं रक्त टाकून द्यायचं, पुढची चिठ्ठी घ्यायची. साथ गेली, शिक्का मात्र राहिला. मोठ्या डॉक्टरांनी सभेत काकांच्या काटकसरीचं कौतुक केलं होतं, आणि तेव्हापासून काका तो जरा जोरातच मारायचे.

ते उठले, कपाट उघडलं. स्क्रब टायफसच्या तपासणीचे संच होते, सीलबंद. तारीख दोन महिन्यांपूर्वीच उलटलेली. वापरायची वेळच आली नव्हती ना!

"मोठ्या शहरात रक्त पाठवलं तर?" डॉक्टरिणीने विचारलं.

"दोन दिवस."

"तेवढे त्याच्याजवळ नाहीत, काका."

काकांना रडू फुटायचं ते संतापाच्या वाटेने बाहेर आलं. कपाटाचं दार त्यांनी इतक्या जोरात आपटलं की वरची बाटली खाली आली. मग चष्मा पुसला. "चला वर," ते म्हणाले. "तो किडा चावतो तिथे काळी खपली धरते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. शोधू."

"मी बघितलंय त्याला, पायापासून डोक्यापर्यंत."

"मीही रक्त बघितलंच होतं की."

वॉर्डात वायरमनची थोरली बहीण उशाशी बसून त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. काकांनी पडदा ओढला, पांघरूण बाजूला केलं. पाय, जांघा, बगला, कानांमागे, कुठेच काही नाही. वायरमन डोळे मिटून भराभरा श्वास घेत होता.

"ताई, ह्याच्या अंगावर कुठे खपली बघितलीत?"

"खपली नाही हो. तेवढा अवजारांच्या पट्ट्याचा घट्टा आहे, कंबरेला मागे. तो नेहमीचाच. मी सिस्टरना सांगितलं होतं, त्यांनी मलम लावलं."

डॉक्टरिणीचा चेहरा उतरला. "मी पण तसंच लिहिलंय. पट्ट्याचा घट्टा."

दोघांनी मिळून त्याला कुशीवर वळवलं. काळवंडलेल्या जुन्या घट्ट्याच्या मधोमध एक काळी खपली होती, भोवती लाल कडं, विडीचा चटका बसावा तशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार दिवस सगळे तिच्यावर मलम चोळत होते.

मोठ्या डॉक्टरांना काकांनी हाताला धरून आणलं. त्यांनी वाकून बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाले, "द्या दुसरं औषध. मलेरियाचंही चालू ठेवा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरू लागला. तिसऱ्या दिवशी वायरमनने बहिणीकडे खायला मागितलं आणि उशिरा आणलं म्हणून तिच्यावर डाफरला. ती तशीच खाली प्रयोगशाळेत आली आणि काकांच्या पायांना हात लावायला वाकली.

"तुमच्यामुळे वाचला माझा भाऊ."

काका दोन पावलं मागे सरले. "माझ्यामुळे नाही. माझ्यामुळे काही नाही. जा तुम्ही, ताई. त्याच्याजवळ बसा."

ती गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि चार वर्षांच्या वह्या खाली काढल्या. पानापानावर त्यांचा निळा शिक्का होता. शेवटच्या रकान्यात वॉर्डाने कळवलेलं पुढचं असायचं: बरा, बरी, बरा. आणि मधूनमधून, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं एकच वाक्य. मलेरिया, औषधाला दाद दिली नाही, मृत्यू.

काकांनी अशा एका ओळीवर बोट ठेवलं. बावीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी. तिच्याही नावापुढे तीन खुणा होत्या, आणि त्यातल्या दोन तपासण्या रद्द.

मलेरिया चवताळला नव्हता. तो पूर्वी होता तसाच होता.