पौषातल्या अक्षता

आमच्या गावात आमंत्रण नुसत्या तोंडाने देत नाहीत. कुंकवात घोळलेले तांदळाचे चार दाणे तळहातावर ठेवायचे, दिवस आणि ठिकाण सांगायचे, आणि पुढच्या दाराकडे वळायचे. ज्याने त्या अक्षता घेतल्या तो पाहुणा झाला. त्याने यावे, पंगतीला बसावे. त्याला काय लागेल ते देणे हे बोलावणाऱ्याचे काम. गावातल्या कोणत्याही घरचे कार्य असो, अक्षता द्यायला माझे वडील, झुलालनाना, जात. त्यांच्याजवळ तांब्याची एक थाळी होती. नाना फार बोलणारे नव्हते, पण त्यांच्या थाळीवर गाव डोळे मिटून विश्वास ठेवी. दुष्काळाच्या एका वर्षी एका घरचे लग्न ऐनवेळी मोडले, तेव्हा परगावाहून आलेल्या पाहुण्यांना नानांनी आमच्या अंगणात जेवू घातले. ‘अक्षत मी दिली होती,’ एवढेच ते आईला म्हणाले होते.

नाना गेल्यावर ती थाळी माझ्याकडे आली. मी जळगावच्या एका वाचनालयात पुस्तके देण्या-घेण्याच्या कामावर होतो आणि शनिवारी गावी जात असे. चार माणसांत बोलायचे म्हटले की मी मागच्या मागे सरकतो. तरी थाळी हातात असली की मी कोणाच्याही दारात उभा राहू शकत असे, कारण मग बोलायचे काम दाण्यांकडे असे. गावात माझी जी काही ओळख होती ती तेवढीच, आणि मला ती पुरेशी होती.

पितांबर माझा मित्र. आम्ही एकाच बाकावर शिकलो. मी भिंतीला टेकून बसायचो आणि तो मैदानात असायचा. हुतूतूमध्ये त्याच्यासारखा दम साऱ्या गिरणाकाठी कोणाचा नव्हता. तो रेषा ओलांडून समोरच्या अंगणात शिरला की आमच्या गावची माणसे त्याच्याबरोबर आपलाही श्वास रोखून धरीत. कोणी ठरवून केले नव्हते. लहानपणापासून पडत गेलेली सवय होती ती. म्हातारीकोतारीसुद्धा गाल फुगवून बसत, आणि पितांबरने परत येऊन रेषेला हात लावला की साऱ्या मैदानाचा श्वास एकदम सुटे. तो आवाज टाळ्यांपेक्षा निराळा असे. पितांबर म्हणे, ‘माझा दम संपला की मी तुमचा वापरतो.’

सन चौपन्नच्या दिवाळीनंतर जळगावच्या बन्सीलालशेठनी पगारी संघ काढला. त्यांची कापसाची जिनिंग होती. पितांबरला दरमहा चाळीस रुपये ठरले. गावात पहिल्यांदा कोणाला हे खरे वाटेना. ‘खेळाना पगार?’ जीवराम आबा म्हणाले होते. आबा म्हणजे आमच्या गल्लीतले सर्वांत वयस्कर आणि सर्वांत तिखट जिभेचे गृहस्थ. ‘मंग मना वासरूले बी द्या. दिनभर उड्या मारस.’

पण मैदान करायची वेळ आली तेव्हा पहिली गाडी आबांनीच जुंपली. शहरातली जमीन मुरमाड. त्यावर पडले की गुडघे सोलून निघतात. पितांबरला लागू नये म्हणून गावाने गिरणेच्या पात्रातला मऊ पोयटा अकरा गाड्या भरून सहा कोस वाहून नेला. बायकांनी तो चाळणीने चाळला, पाणी मारले, आणि पुरुषांनी तुडवून तुडवून बसवला. ते काम पाहायला शेठ स्वतः आले. वाकून चिमूटभर माती त्यांनी बोटांत चोळली आणि सर्वांदेखत म्हणाले, ‘ज्यांनी ही माती आणली त्यांचीच ही जागा. मातीवर बसणाऱ्याला तिकीट नाही.’ ते शब्द मी ऐकले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पितांबरनेही ऐकले.

बऱ्हाणपूरच्या संघाशी झालेला पहिला सामना मात्र फिका गेला. खुर्चीला दोन रुपये, बाकाला एक. खुर्च्या बहुतेक रिकाम्या राहिल्या. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे गावचेही कोणी आले नव्हते. दुसरा सामना धुळ्याच्या संघाशी, पौषातल्या रविवारी ठरला. त्याच्या आधीच्या मंगळवारी पितांबर वाचनालयात आला. शहरात राहू लागल्यापासून तो माझ्याशी शहरी मराठीत बोलू लागला होता. मला त्याचे नवल वाटत असे, राग कधी आला नाही.

‘गाव आण, सुकदेव,’ तो म्हणाला. ‘रिकाम्या मैदानात माझा दम पुरत नाही.’

‘मी कसा आणू? दवंडी पिटणे मला जमायचे नाही.’

‘तुला बोलायचे कुठे आहे? नानांची थाळी घे.’

खेळासाठी अक्षता द्यायच्या, हे माझ्या मनात कधी आले नसते. पण त्याने सुचवल्यावर ते सुंदर वाटले, हेही खरे. गाव पाहुणे म्हणून येईल, आपल्याच मातीवर बसेल, आणि आपल्या मुलाच्या श्वासाला श्वास लावील. तरी मी विचारले, ‘तिकिटाचे काय?’

त्याने समोरचे एक पुस्तक उचलले, उघडले आणि मिटून ठेवले. ‘मातीवर तिकीट नाही. शेठ बोललेत ना? तूही होतास तिथे.’

बुधवारी रजा काढून मी गावी गेलो. आईने अक्षता केल्या. पौषात अक्षता पाहून जीवराम आबा ओट्यावरून उठूनच उभे राहिले. ‘पौषमा कोनं लगीन शे रे, सुकदेव? का तूच कोनले लई पळी जाई ऱ्हायना?’ गल्ली हसली. मी मान खाली घालून दिवस आणि ठिकाण सांगितले. आबांनी हात पुढे केला.

झुंबरअक्कांच्या दारी मी शेवटी गेलो. पितांबरची आई तो तीन वर्षांचा असताना वारली; त्याला वाढवले ते या शेजारणीने. अक्कांनी दाणे हातात घेतले, पण मूठ मिटली नाही.

‘तिकीट लागस का रे, भाऊ?’

‘नही, अक्का. मातीवर बसनारले तिकीट नही.’

‘मंग आम्ही बठ्ठा येतस,’ त्या म्हणाल्या, आणि ते दाणे त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. ‘पोऱ्याले एकदाव शहरमा खेयतांना देखू दे.’

रविवारी दुपारी मी मैदानाकडे गेलो तेव्हा लांबूनच मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. मैदान दिसत नव्हते. चारी बाजूंनी माणसाहून उंच कनात उभारली होती, जिनिंगमधले गोणपाट शिवून केलेली. एकच दार ठेवले होते. दाराशी टेबल, आणि टेबलामागे शेठचे मुनीम मोतीलाल. पाटीवर लिहिले होते: खुर्ची दोन रुपये, बाक एक रुपया, जमीन आठ आणे.

आमच्या गावच्या सात गाड्या चिंचेखाली सुटल्या होत्या. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. काही जणींनी शिदोरीबरोबर पितांबरसाठी तिळाचे लाडू आणले होते. गाड्यांतून उतरून माणसे दारापर्यंत गेली होती आणि तिथेच थांबली होती. भांडण नव्हते. पंगतीत बसायला जावे आणि पानच मांडलेले नसावे, तसे ते सगळे एकमेकांकडे पाहत होते.

मी मोतीलालजवळ गेलो. ‘मातीवर तिकीट नाही ना?’

‘पाटी वाचता येते ना तुम्हाला?’ तो हसून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. ‘पगारी संघ टाळ्यांवर चालत नाही, भाऊ. धुळेकरांचे मोटारभाडेसुद्धा आपल्यावर आहे.’

‘मला कोणी सांगितले नाही.’

‘सोमवारीच ठरले. पितांबर होता की तिथे. त्यानेच शेठना सांगितले, गाव आणतो म्हणून. म्हणाला, सहा कोस चालून आलेले माणूस दारातून मागे फिरत नाही, आठ आणे काढतेच.’

सोमवारी. आणि माझ्याकडे तो मंगळवारी आला होता.

खेळाडूंसाठी कनातीबाहेर एका कोपऱ्यात तंबू होता. पितांबर मांडीला तेल चोळीत बसला होता. नव्या निळ्या बंडीवर संघाचे नाव शिवलेले होते. मला पाहताच त्याचा हात थांबला. त्यावरून मी काही विचारायची गरज उरली नाही. तरी विचारले.

‘तुला माहीत होते?’

‘आठ आणे म्हणजे काही डोंगर नाही, सुकदेव.’

‘पाच माणसांच्या घराला अडीच रुपये होतात. तीन दिवसांची मजुरी.’

‘ते मला सांगतोस?’ तो खालच्या आवाजात म्हणाला. ‘मी त्याच मजुरीवर वाढलो. संघ मोडला तर पुन्हा कापसाच्या गठाणी उचलायला जाऊ? मैदान भरले नाही तर होळीनंतर पगार बंद, असे शेठनी तोंडावर सांगितले.’

‘मग मला तसे सांगायचे होतेस.’

‘सांगितले असते तर तू गेला असतास थाळी घेऊन?’

तो मला पुरता ओळखत होता. माझी भीड, माझा विश्वास, नानांची थाळी, सगळे त्याने नीट मोजून घेतले होते. समोरच्या अंगणात शिरण्याआधी कोण कुठे उभे आहे हे तो जसा पाहून घेई, अगदी तसे. त्याच्यासाठी श्वास मी लहानपणापासून रोखून धरला होता. माझ्यातले काय कुठे उभे आहे हे त्याला माहीत नसेल, असे मी तरी का मानावे?

‘अक्काचे तिकीट मी काढतो,’ तो म्हणाला. एकाएकी त्याची भाषा गावाकडे वळली. ‘मी काय करू, भो? तूच सांग.’

‘अक्षत एकट्या अक्कांना दिली नव्हती,’ मी म्हणालो आणि बाहेर आलो.

दाराशी आमच्या गावचे तीन-चार तरुण पैसे मोजून आत जात होते. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. जीवराम आबा काठीवर हनुवटी टेकून पाटीसमोर उभे होते. त्यांना वाचता येत नव्हते, पण कोणीतरी वाचून दाखवले असावे.

‘माती आमनी, गाड्या आमन्या,’ ते म्हणाले, ‘नि तिकीट बी आम्हीनच काढानं?’ आवाजात नेहमीची धार नव्हती. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

झुंबरअक्का पुढे आल्या. ‘तुले मालूम व्हतं का?’

‘नही, अक्का.’

‘मंग तू बी फसना.’ त्यांनी पदराचे टोक पुढे घेतले आणि गाठ सोडू लागल्या. गाठ घट्ट बसली होती. नखाने सोडवावी लागली. ‘पन अक्षत तर तूच दिधी व्हती ना, भाऊ? तुना बापनी थाळी व्हती, म्हनीसन उनूत आम्ही. हाई ले.’

चार दाणे त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. अक्षता टाकतात, उधळतात, देवापुढे वाहतात. परत केलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. घामाने दाण्यांचे कुंकू फिके झाले होते. मी मूठ मिटली.

बैलांना विसावा हवा होता, म्हणून गाव चिंचेखालीच जेवायला बसले. मी गाडीच्या चाकाशी, जरा दूर, उभा राहिलो. आत सामना सुरू झाला. कनातीवरून खुर्च्यांची कुजबूज, धुळेकरांच्या आरोळ्या येत होत्या. मग एकदम तो आवाज आला. ‘हुतूतूतूतू.’ पितांबर रेषेपलीकडे गेला होता.

चिंचेखाली भाकरी तोडणारे हात थांबले. जीवराम आबांचे गाल फुगले. कोणी कोणाला काही सांगितले नव्हते. गोणपाटाच्या अलीकडे, न दिसणाऱ्या मुलासाठी, सारे गाव श्वास धरून बसले होते, आणि मीही धरला होता. आवाज कनातीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. चिरकत गेला. लांबत गेला.

‘जेवा रे,’ झुंबरअक्का म्हणाल्या, आणि त्यांनी श्वास सोडला. तो अजून परतला नव्हता. त्यांच्यामागून आबांनी सोडला, मग एकेकाने. मी सर्वांत शेवटी सोडला असेल. आत मोठी आरोळी उठली. ती आपल्या बाजूची होती की धुळेकरांची, हे मी तेव्हाही विचारले नाही आणि नंतरही नाही. लाडू बैलांच्या पुढ्यात घालून गाड्या निघाल्या.

माघात झुंबरअक्कांच्या नातीचे लग्न निघाले. त्या शनिवारी मी थाळी घासून ओट्यावर उन्हात ठेवली आणि बोलावणे येईल म्हणून दुपारभर दारातच पुस्तक घेऊन बसलो. तिसऱ्या प्रहरी गल्लीत पावले वाजली. छगन होता, खालच्या आळीतला. त्याच्या हातात पितळेचे नवे ताट होते आणि ताटात अक्षता होत्या. तो दारोदार येत माझ्यापर्यंत पोहोचला.

मी हात पुढे केला. त्याने चार दाणे ठेवले, दिवस सांगितला, ठिकाण सांगितले. वळता वळता तो थांबला आणि सहज, हसत म्हणाला, ‘तिकीट नही शे बरं, भो.’

शेजारच्या ओट्यावर कोणीतरी हसले. मीही हसलो असेन. छगन पुढच्या दारी गेला, आणि तिथेही त्याने दिवस सांगितला, ठिकाण सांगितले, आणि शेवटी तेच म्हटले.