बाबांचा डावा पाय

माझं तोंड वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. डोकं फिरलं की समोर कोण बसलंय ते मला दिसत नाही. पण त्या दुपारी जेवताना माझं डोकं फिरलेलं नव्हतं. अगदी समजुतीच्या सुरात मी म्हटलं, “बाबा, तुमचा डावा पाय आता ऐकत नाही. गाडीची किल्ली माझ्याकडे द्या.”

ज्या माणसानं अख्खी नोकरी बस चालवण्यात घालवली, त्याला मी हे सांगत होते. रिटायर झाल्यावर हौसेनं जुनी पेट्रोल गाडी घेतली, तीही रोज पुसून लख्ख ठेवणारा माणूस. बाबा वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी जुडग्यातून किल्ली काढली, नखानं कडी उघडत बसले बराच वेळ, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. मग भात मागितला.

झालं होतं असं की गाडी थांबली की बंद पडायची. आधी थरथरायची, मग खोकल्यासारखं करून गप्प. कधी सिग्नलला, कधी वळणावर. एकदा भर चौकात बंद पडली आणि मागचा ट्रक बंपरला टेकता टेकता थांबला. ते ऐकून मी गाडी सरळ नवऱ्याच्या गॅरेजात पाठवली.

माझ्या नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात, आणि तो ते मिरवतोही. त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून साफ केला, पेट्रोलचा फिल्टर नवा टाकला. मग बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू केलं, त्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि मला बोलावून दाखवलं. पाणी जेमतेम हलत होतं. नंतर स्वतः चक्कर मारून आला, गाडी एकदाही बंद पडली नाही. बाबा तिथेच उभे होते. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की नुसती उभी असताना ती चांगलीच चालते, ब्रेकवर पाय ठेवला की मरते, आणि पायाशी फुस्स असा आवाजही येतो. उस्तादानं मान डोलावली. घरी आल्यावर मला म्हणाला की ब्रेक मारताना ते क्लच दाबायचं विसरतात, मग गाडी मरणारच, वय झालं की होतं असं.

मला लगेच पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच होतं. त्या ट्रकपासून माझी झोप उडाली होती, आणि बाबांनी घरी बसावं यासाठी मला कारण हवं होतं. ते आयतं मिळालं.

मग बाबा स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, “पाय गेला आमचा. आता आमची रवानगी मागच्या सीटवर.” लोक हसायचे. मीही हसायचे. काय म्हणावं मला.

किल्ली घेतल्यावर गाडी नुसतीच उभी होती. एकदा बाबांना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून मीच ती काढली. ते शेजारी बसले, हात मांडीवर, शहाण्या मुलासारखे. पहिल्या सिग्नलला मी क्लच दाबला, ब्रेक दाबला, आणि गाडी थरथरून बंद पडली.

बाबांनी खाली पाहिलं, माझ्या डाव्या पायाकडे. क्लच पार तळाला टेकलेला होता. त्यांनी नजर उचलली आणि खिडकीबाहेर बघत बसले. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ चालला होता. मी गाडी पुन्हा चालू केली, न्यूट्रलला टाकली, ब्रेकवर पाय ठेवला. फुस्स. गाडी पुन्हा मेली. मला बाबांकडे मान वळवून बघवेना. असं वाटलं, मागच्या त्या हॉर्नवाल्यांपैकी कुणीतरी उतरावं आणि माझ्या थोबाडीत द्यावी.

दात राहिले बाजूला. ब्रेक लावायची वेळ आली की हँडब्रेक ओढत, रडत, स्वतःला शिव्या घालत मी गाडी गॅरेजात नेली. उस्ताद पुढे आला आणि बोलायला लागला, “तू क्लच नीट...”

“पुढचा शब्द बोललास तर बघ,” मी म्हटलं. “इथे उभा राहा आणि ऐक.”

मी न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबला. गाडी थरथरली. सोडला, सुरळीत. दाबला, पुन्हा तेच. उस्तादाचा चेहरा उतरत गेला. ब्रेकला जोर देणारा एक काळा गोल डबा असतो, त्याच्यापासून इंजिनाकडे जाड रबरी नळी जाते. त्यानं पक्कडीनं ती नळी चिमटीत धरली आणि मला ब्रेक दाबायला सांगितलं. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, पण इंजिन जराही अडखळलं नाही. डब्यातला रबरी पडदा फाटला होता. ब्रेक दाबला की तिथून नको तेवढी हवा इंजिनात शिरायची, पेट्रोल कमी पडायचं आणि ते मरायचं.

त्यानं बॉनेट उघडून इंजिन ऐकलं होतं, पण तेव्हा आत बसून ब्रेक दाबणारं कुणी नव्हतंच. आणि चक्कर मारताना? दिवसभर खटारा गाड्या हाकून त्याला सवय लागलीय, ब्रेक दाबताना त्याच पावलाच्या कडेनं ॲक्सिलरेटरही हलका दाबून ठेवायची. आपण असं करतो हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्याच्या हाताखाली गाडी बंद पडणार कशी?

तो फडक्यानं हात पुसत राहिला. मग बाबांसमोर जाऊन, मान खाली घालून म्हणाला की तुम्ही मला नेमकं तेच सांगत होता.

बाबा म्हणाले, “मलाच नीट सांगता आलं नसेल.”

त्यांनी आम्हांला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उस्तादावर तोंडसुख घ्यायला गेले आणि मध्येच थांबले. पायाचं त्यानं सांगितलं होतं, पण बाबांच्या तोंडावर ते मी बोलले होते.

नवा डबा बसला. गाडी ब्रेकवरही शांत उभी राहायला लागली. मी किल्ली बाबांच्या हातात दिली, माफी मागितली, म्हटलं चला, आज तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. ते नको नको म्हणत होते. मी हट्टच धरला, तेव्हा बसले. आरसा लावला, सीट पुढे ओढली, इंजिन चालू केलं. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि तसेच थांबले.

“काय झालं, बाबा?”

“जरा वाकून बघ ना,” ते हळूच म्हणाले. “क्लच दाबलाय ना मी?”

मी वाकून बघितलं. पाय बरोबर जागेवर होता, क्लच पूर्ण दाबलेला होता.

“दाबलाय, बाबा,” मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली, पण गिअर टाकला नाही. “पुन्हा एकदा बघ,” म्हणाले.