दोन्ही हातांत एकच नोंद

मी बोलतोय, आणि गोड बोलणार नाही. मी जावास्क्रिप्टमधलं एक फंक्शन. दोन ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचे दोन गठ्ठे, आतपर्यंत उघडून ते सारखे की वेगळे, हे सांगणं माझं काम. तुमची ती तिहेरी बरोबरची खूण (===) दोन्हींचा फक्त पत्ता एकच आहे का ते बघते. मी घरात शिरतो, कपाट उघडतो, कपाटातल्या डबीचंही झाकण काढतो.

मला घडवलं एका ताईनं. तारखा, रिकाम्या याद्या, सगळं माझ्याकडून घोटून घेतलं. मग ती नोकरी सोडून गेली आणि मी तिच्या जागी आलेल्या दाढीवाल्याच्या तावडीत सापडलो.

त्यानं मला रुग्णालयातल्या संगणकावर, औषधांच्या पडद्यामागे बसवलं. पडदा बंद होताना जुनी आणि नवी नोंद माझ्या हाती यायची. मी 'वेगळ्या' म्हटलं, की पडदा विचारायचा, "बदल जतन करू?" 'सारख्या' म्हटलं, की गुपचूप मिटायचा.

दाढीवाल्यानं जुन्या नोंदीची प्रत काढलीच नाही. त्याच नोंदीला दुसरं नाव दिलं, झालं काम! सिस्टरनं बाळाचा डोस बदलला, तो दोन्हींकडे बदलला. मी सारख्या म्हणालो. दुसरं काय म्हणणार, कपाळ? पडदा न विचारताच मिटला, बदल जतन झालाच नाही.

सिस्टरचा दाढीवाल्याला फोन आला. "अहो, बाळाचा डोस कमी केला मी, आणि इथे जुनाच दिसतोय!"

"फंक्शनच खुळं आहे हो. बघतो मी."

मी खुळा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यानं माझ्या डोक्यावर एक ओळ ठोकली: काही न बघता 'वेगळ्या' म्हण आणि चालता हो.

तेव्हापासून मी आंधळ्यासारखा ओरडतोय. कुणी नुसती नोंद वाचून मिटली, तरी पडदा विचारतो. सिस्टर न वाचता 'हो' दाबते. मी तिला तरी काय बोलू?

आज पुन्हा तिचा फोन.

"डोसात चुकून एक शून्य वाढलं, पाचाचे पन्नास झालेत! औषध भरताना नजर गेली म्हणून, नाहीतर बाळ हातचं गेलं असतं. तुमचा पडदा सांगत नाही का?"

"सांगतो की. तुम्हीच 'हो' म्हणालात."

"दिवसभर उगाच ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं हो?"

दाढीवाल्यानं फोन ठेवला. मी आतून जळत होतो.

अरे बाबा, ती ओळ उपट. जुन्या नोंदीची खरी प्रत माझ्या दुसऱ्या हातात ठेव. मग मी क्वचितच ओरडेन, आणि ओरडलो की सिस्टर थांबून वाचेल.