उघाडीजवळची विहीर

माझा बाप शिवराम हट्टी, आणि मी त्याचीच लेक. दोन वर्षं मी त्याला फसवलं, त्याची ही गोष्ट.

घणसोलीच्या खाडीकडे, बांध घालून राखलेल्या खारजमिनीत आमची भातशेती. बांधात लाकडी फळ्यांची उघाडी होती. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं जास्तीचं पाणी सोडायचं, भरतीला त्या बसवून खाडीला बाहेर ठेवायचं, हे काम आमच्या घराकडे. तिथून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याची विहीर. उधाणाला बाबाने बांधावरून हाळी दिली की घरटी एक माणूस चिखलाचं घमेलं घेऊन धावायचा. न येणाऱ्याला वर्षभर त्या विहिरीवर मान वर करून पाणी भरता यायचं नाही.

पुढे शेतं नव्या शहरासाठी गेली. अठ्ठ्याहत्तरच्या भाद्रपदात मोठं उधाण आलं, बाबाने हाळी दिली आणि कुणी आलं नाही.

"शेतं आता आपली नाय. बांध कुनासाठी राखायचा?" शेजारचा नामदेवकाका ओट्यावरून म्हणाला.

विहीर सगळेच विसरले. मीसुद्धा. मी घरात निवांत तांदूळ निवडत बसले होते, त्याचा मला अजून राग येतो. बांध फुटला आणि खाडी विहिरीत शिरली.

वर्षभरात गावात नळ आला, मग विहिरीकडे बघतो कोण? बाबाने एकट्याने बांधाला पडलेलं खांड बुजवलं आणि तो रोज विहीर उपसायला लागला. शेतातला खार पावसाच्या पाण्याने धुवून काढतात, तशी ही विहीरही धुवून निघेल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"तीन पावसालं जाऊ दे," म्हणायचा.

तोवर माझं लग्न झालं आणि मी वाशीला सुधीरच्या खोलीत आले. तिसरा पावसाळा संपला आणि एका शनिवारी बाबा बसने आला. हातात कळशी, कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. विहीर साफ केली की पहिला घोट माहेरवाशिणीचा, अशी आमच्याकडची रीत.

"चाख गो बाय."

मी घोट घेतला. चक्क खारट. त्याच्या तळहातांवर दोराचे घट्टे होते, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"गोड हाय, बाबा," मी म्हटलं.

मग काय, भोगा आपल्या कर्माची फळं. दर शनिवारी कळशी यायला लागली. प्यायला आम्ही नळाचं घ्यायचो, पण भात त्याच्यासमोर त्याच पाण्यात शिजायचा. मीठ घालायची गरजच नसे. बाबा चवीने जेवायचा आणि म्हणायचा, "पानी सुधारला." तंबाखूने याची जीभ मेली, असं मला वाटायचं. सुधीर कपाळावर हात मारायचा. पण खरं सांगू? कळशी आली की दर वेळी मी आधी एक घोट घेऊन बघायचे. त्या विहिरीच्या गोड पाण्यात शिजलेली डाळ लहानपणी कशी लागायची, ते आठवून जीव कासावीस व्हायचा.

त्र्याऐंशी साली डंपर आले. भरावाखाली बांध गेला, उघाडी गेली, विहीरही गेली.

त्या शनिवारी बाबा रिकाम्या हातांनी आला. भिंतीला टेकून बसला. मी नळाच्या पाण्यात भात केला आणि वाढला. त्याने एक घास घेतला आणि थांबला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, दोन वर्षांच्या सवयीने मी भातात मीठ घातलंच नव्हतं. माझी मान खाली गेली.

बाबाने ताटातल्या मिठाची चिमूट घेतली, भातावर टाकली आणि भात नीट कालवला. एक घास खाल्ला. मग आणखी थोडं मीठ घेतलं.

"आता लागला आपल्या विहिरीचा," म्हणाला.

मी माझ्या भातावरही तेवढंच मीठ घेतलं आणि त्याच्याजवळ जेवायला बसले.