टाकीचं झाकण

बाबांची नजर अधू झाली तेव्हापासून त्यांची बेचाक, म्हणजे बाजूला डबा जोडलेली जुनी बीएसए मोटारसायकल, डुकरांच्या खोपटामागे उभी होती. नातवाच्या बाप्तिस्म्याला बाबांनी उलोस, म्हणजे आशीर्वादाची हातमागावर विणलेली शाल, घेऊन तिच्यातूनच यायचं असा हट्ट माझ्या नवऱ्याने, पार्लिनने धरला. पार्लिन माझा आतेभाऊच, बाबा त्याचे सख्खे मामा. आम्हा सुमात्रातल्या बाटक लोकांत ज्याने मुलगी दिली त्याचा मान देवाखालोखाल. मामाला उलट बोलणाऱ्याला आमच्या सियांतार शहरात कुणी पंगतीला बसवत नाही.

बाबांनी टाकीत नट-बोल्ट घालून ती खुळखुळवली, गंज काढला, बोटांनी चाचपून पेट्रोलचा कॉक साफ केला. उघड्या टाकीत ओतलेलं पेट्रोल नळीतून धारेने आलं तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. इंजिन धडाडलं. मग पार्लिनने आदल्या दिवशी दोन जाड हात देऊन काळंभोर रंगवलेलं झाकण ऐटीत बसवलं.

पार्लिन चालवायला, बाबा आणि मी डब्यात; बाजारापर्यंत आमचा थाट बघण्यासारखा होता. तिथे इंजिन खोकलं आणि बसलं. बाकीचे बेचाकवाले भोवती जमले. पार्लिनने नळी काढली, तर पेट्रोल थेंबथेंब आलं आणि मग तेही थांबलं. बाबांचा हात चाचपडत झाकणाकडे गेला. पार्लिनने तो बाजूला सारला.

"राहू द्या मामा. गंज ठेवलात आत. दिसत नाही तर तसं सांगायचं, चारचौघांत आमची लाज नाही काढायची."

"राहिला असेल," बाबा म्हणाले आणि उलोस छातीशी धरून मान खाली घालून बसले.

माझं डोकंच फिरलं. बाबांचा हात जिथे निघाला होता तिथे मी हात घातला. झाकण सैल होताच टाकीने हुश्श केलं आणि उघड्या नळीतून पेट्रोल पार्लिनच्या नव्या बुटांवर पडलं. झाकणाचं हवेचं भोक पार्लिनच्याच रंगाने बुजलं होतं; आत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल अडलं होतं.

"गंज टाकीत नाही, तुझ्या डोक्यात आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आंधळा कोण ते बघा आता."

बेचाकवाले खो खो हसले. पार्लिनचा चेहरा पडला. मला क्षणभर फार बरं वाटलं. केसातली पिन काढून मी भोक मोकळं करू लागले.

"कशाला बोललीस?" बाबा हळूच म्हणाले. "झाकणाचं मला इंजिन खोकलं तेव्हाच कळलं होतं. गुपचूप सैल करणार होतो. माझ्या एकट्याची मान खाली गेली होती पोरी, तेवढ्यात भागलं असतं."

माझे कान लाजेने तापले. भोक कसंबसं मोकळं करून मी पिन केसात खोचली.

बेचाक पुढे चर्चपर्यंत विनातक्रार धावली. बाबांनी हसतमुखाने बाळाच्या अंगावर उलोस पांघरला. बाळाला धरून पार्लिन जमिनीकडे बघत होता, आणि त्याच्याशेजारी मीही.